रूळ जुळले, वीज जुळेना: सहकारनगरातल्या एका प्लायवरचं प्रकरण

काकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्याकडे मॉडेल रेल्वेची चार इंजिनं होती. एक नीट चालत होतं, दोन मुकाट उभी राहत होती आणि चौथं रुळावर ठेवल्याठेवल्या असं सुसाट सुटलं होतं, की पहिल्याच वळणावर उडून थेट दिवाणाखाली गेलं.

काका सहकारनगरला राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. मुलगा श्टुटगार्टला असतो. त्याने मेर्कलिन या जर्मन कंपनीचा एचओ मापाचा स्टार्टर सेट आणून दिला होता: सी-ट्रॅक या त्यांच्या रुळांचा लंबगोल, एक छोटं टँक इंजिन, काही मालडबे आणि हातात धरायचा मोबाइल स्टेशन कंट्रोलर. नात सुट्टीला आली की जमिनीवर मांडायचं, गेली की खोक्यात. मग काकांनी तिला कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय दाखवलं. भाऊ जोशींनी उभं केलेलं आणि १९९८ पासून लोकांना खुलं असलेलं हे ठिकाण पाहून आलेला माणूस घरी येऊन खोकं परत कपाटात ठेवत नाही, हा माझा अनुभव आहे. काकांनी सहा बाय चारचा प्लाय आणला, खाली पाय ठोकले आणि इंजिनं जमवायला सुरुवात केली.

एक आलं डेक्कन जिमखान्यावरच्या ओळखीच्या घरातून: मेर्कलिनचंच, पण जुनं, पत्र्याच्या एम-ट्रॅकच्या काळातलं वाफेचं इंजिन, सोबत त्याचा निळा ट्रान्सफॉर्मर. दुसरं इंग्लंडहून परतलेल्या मित्राने दिलेलं हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीचं शंटिंग इंजिन, दोन-चार सरळ रुळांसकट. तिसरं काकांनी पदरचे पैसे मोजून एका हौशी कारागिराकडून घेतलेलं: आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाचं मॉडेल, अंगावर पुणे शेडचं नाव लिहिलेलं. घोरपडीच्या शेडची ही इंजिनं काकांनी जन्मभर पाहिलेली, त्यामुळे त्यांचा जीव त्याच्यात जास्त.

‘रुळांमधलं अंतर मी व्हर्नियरने मोजलंय,’ काका म्हणाले. ‘हॉर्नबीचे साडेसोळा मिलीमीटर, मेर्कलिनचेही साडेसोळा. तरी ही दोन मेलेली का? आणि मुलगा दिवाळीला येतोय, त्याला कोणतं इंजिन आणायला सांगू?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं होतं. म्हणून कॅटलॉग बाजूला ठेवला आणि काकांचा मल्टिमीटर मागितला.

मीटर काय बोलला

कंट्रोलरची वायर काढून ठेवली, मीटर बीपवर टाकला, म्हणजे दोन पिनांमध्ये विजेला वाट असली की तो वाजतो. एक पिन डाव्या रुळाला, दुसरी उजव्या रुळाला. टीं.

काका दचकले. ‘अरे, म्हणजे शॉर्ट आहे की हा!’

शॉर्ट नव्हता, रचनाच तशी आहे. मेर्कलिनच्या रुळांत दोन्ही बाजूंचे रूळ वीजदृष्ट्या एकच असतात. वीज येते मधून. सी-ट्रॅकच्या स्लीपरांकडे नीट पाहिलं तर मधोमध बारीक टाचण्यांची डोकी वर आलेली दिसतात. इंजिनाच्या पोटाखाली एक लांबट धातूची पट्टी असते, स्लायडर. ती या टाचण्यांवरून घासत जाते, तिथून वीज घेते आणि चाकांवाटे रुळांत परत सोडते. एक पिन टाचणीवर आणि दुसरी रुळावर ठेवली, तर मीटर गप्प.

आता हॉर्नबीचा सुटा रूळ घेतला. डावा-उजवा: मीटर गप्प. इथे एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते, मध्ये काही नाही. जगातली बहुतेक एचओ आणि ओओ (हॉर्नबीचं माप) इंजिनं या दोन-रूळ पद्धतीची आहेत. ती मेर्कलिनच्या रुळावर ठेवली, तर त्यांच्या डाव्या आणि उजव्या चाकाला एकच टोक मिळतं. विजेला जायला वाटच नाही, म्हणून इंजिन उभं. बिघडत काही नाही, चालतही नाही. काकांचं डब्ल्यूडीएम आणि हॉर्नबी ‘मेलेली’ होती ती एवढ्यामुळेच.

उलट्या दिशेने मात्र प्रकरण इतकं निरुपद्रवी नाही. मेर्कलिनच्या इंजिनाचा एक आस उचलून डाव्या चाकाला आणि उजव्या चाकाला पिना लावल्या: टीं. चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात, कारण तिथे गरजच नाही. असं चाक दोन-रूळ ट्रॅकवर ठेवलं की दोन्ही रूळ थेट जोडले जातात आणि खराखुरा शॉर्ट होतो. डब्ल्यूडीएमच्या चाकांवर तीच चाचणी केली तर मीटर गप्प.

कोणतंही जुनं इंजिन विकत घ्यायच्या आधी ही दोन मिनिटांची तपासणी मी सगळ्यांना सांगतो. पोटाखाली पट्टी आहे का, आणि एकाच आसावरची चाकं बीप देतात का. खोक्यावर ‘एचओ’ लिहिलंय याला फार महत्त्व देऊ नये. एचओ हे मापाचं नाव आहे, १ला ८७. विजेबद्दल ते अवाक्षर बोलत नाही. त्यासाठी युरोपातल्या खोक्यांवर आणि कॅटलॉगांत नागमोडी रेघ किंवा बरोबरचं चिन्ह छापतात. नागमोडी म्हणजे तीन-रूळ एसी पद्धत, बरोबर म्हणजे दोन-रूळ डीसी. रोको, पिको, ब्रावा यांसारख्या कंपन्या एकच इंजिन बहुतेक वेळा दोन्ही आवृत्त्यांत काढतात. रंग तोच, फोटो तोच, किंमतही जवळपास, फरक त्या एका चिन्हाचा.

हे सगळं ऐकून काका म्हणाले, ‘म्हणजे आपल्या घाटासारखंच की.’ अगदी तसंच. मुंबईहून पुणे आणि इगतपुरीपर्यंत कित्येक दशकं तारेत १५०० व्होल्ट डीसी होतं आणि इगतपुरीच्या पलीकडे २५ हजार व्होल्ट एसी. खालचं गेज तेच १६७६ मिलीमीटर, रूळ सलग, तरी डीसीचं इंजिन हद्दीवर सोडून द्यावं लागे. दोन्हींवर चालावीत म्हणून रेल्वेने डब्ल्यूसीएएम-३ सारखी इंजिनं बनवून घेतली. काकांच्या प्लायवर असं दुहेरी इंजिन मिळण्यासारखं नव्हतं, इतकाच फरक.

सुसाट सुटलेलं इंजिन आणि निळा डबा

चौथ्या इंजिनाचं कारण वेगळं. ते मेर्कलिनचंच, पोटाखाली स्लायडर आहे, चाकं बीप देतात. म्हणजे वीज त्याला बरोबर मिळते. पण ते अ‍ॅनालॉग जमान्यातलं. त्या काळी ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवली की रुळातलं व्होल्टेज शून्यापासून १६ व्होल्ट एसीपर्यंत वाढे आणि इंजिनाचा वेग त्यावर ठरे. दिशा बदलायला मूठ मागे दाबायची, की सुमारे २४ व्होल्टचा एक झटका जाई आणि इंजिनातला यांत्रिक रिले पलटे.

डिजिटल पद्धतीत रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं. वेग आणि दिशा हे हुकूम म्हणून जातात आणि इंजिनातला डिकोडर ते वाचतो. ज्याच्यात डिकोडरच नाही, त्याला फक्त पूर्ण व्होल्टेज दिसतं. जुनी मेर्कलिन मोटर कोणत्याही विजेवर फिरते, म्हणून ते सुसाट. दोन-रूळ डीसीचं बिनडिकोडरचं इंजिन दोन-रूळ डिजिटल ट्रॅकवर ठेवलं असतं, तर ते जागच्या जागी गुणगुणत तापलं असतं, आणि ते तर मोटरला आणखी वाईट.

खरी भीती मला त्या निळ्या ट्रान्सफॉर्मरची होती. काकांचा बेत असा होता, की जुन्या इंजिनासाठी तो जोडायचा आणि त्याच रुळावर नवं टँक इंजिनही चालवून पाहायचं. तो बनला २२० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी. आपल्याकडे २३०, आणि सहकारनगरात रात्री मीटर लावला तर त्याहून थोडे वरच. प्रायमरीला जास्त गेलं की सेकंडरीला त्याच प्रमाणात जास्त येतं, आणि दिशा बदलायचा झटका मुळातच मोठा. नव्या डिकोडरला तो झेपत नाही. मेर्कलिन स्वतःच सांगते, की जुने निळे ट्रान्सफॉर्मर डिजिटल इंजिनांसोबत वापरू नका. शिवाय इतक्या जुन्या वायरचं इन्सुलेशन आणि पत्र्याचं खोकं, हे घरात लहान मूल असताना मला नकोच होतं. काकांना हे पटायला वेळ लागला. चालू स्थितीतली वस्तू बाद करायची म्हणजे टूलरूमच्या माणसाच्या जिवावर येतं.

रूळ बदलायचे की इंजिनं?

इथे प्रकरणाला फाटा फुटतो. एक मार्ग: सी-ट्रॅक विकून टाकायचा आणि सरळ दोन-रूळ पद्धतीवर यायचं. दुसरा: तीन-रूळवर ठाम राहायचं आणि पुढची सगळी इंजिनं एसी आवृत्तीची घ्यायची.

पहिल्या मार्गाच्या बाजूने मोठा मुद्दा भारतीय इंजिनांचा. आपल्या रेल्वेची एचओ मॉडेल्स बनतात ती बहुधा छोट्या कारागिरांकडून, थोड्या संख्येने आणि दोन-रूळ डीसीसाठी. डब्ल्यूडीएम, डब्ल्यूएपी, आयसीएफचे निळे डबे, हे ज्याचं स्वप्न आहे त्याने तीन-रूळमध्ये पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे त्याला जर्मन आणि स्विस गाड्यांवर समाधान मानावं लागेल.

दुसऱ्या बाजूनेही वजन कमी नव्हतं. मुलगा श्टुटगार्टला, मेर्कलिनचं गाव गॉपिंगेन तिथून जवळ. सुटे भाग, दुरुस्ती, जुना बाजार सगळं त्याच्या हाताशी. सी-ट्रॅक खडीसकट एका तुकड्यात येतो, खटकन बसतो, खटकन निघतो. नात स्वतः मांडते. आणि एक तांत्रिक सुख असं, की तीन-रूळमध्ये रूळ फिरवून त्याच मार्गाला परत आणला तरी शॉर्ट होत नाही. दोन-रूळमध्ये अशा फेऱ्यात डावा रूळ उजव्याला येऊन मिळतो आणि त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं. नातीला नेमका असाच टपोरा फुगा हवा होता, ज्यात गाडी शिरली की तोंड फिरवून बाहेर येईल.

काकांनी तिसरा मार्ग सुचवला, जो टूलरूमच्या माणसाला सुचणारच: ‘डब्ल्यूडीएमला खालून स्लायडर लावू.’ तत्त्वतः होतं. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या तारा एकत्र जोडायच्या, दुसरं टोक स्लायडरला द्यायचं, डिकोडर बसवायचा. अडचण जागेची. डब्ल्यूडीएमच्या प्रत्येक चाकांच्या सांगाड्यात तीन आस, त्यात मूळ अमेरिकन अल्को कंपनीच्या रचनेप्रमाणे त्यांच्यातलं अंतर सारखं नाही, आणि मॉडेलमध्ये त्यांच्या मधूनच गिअर जातात. स्लायडर बसवायचा तर गिअरच्या झाकणाखाली, म्हणजे तो इतका खाली येणार की सांध्यांवर, जिथे रूळ फुटतात तिथे, अडकणार. दोन पद्धतींची चाकंही हुबेहूब नसतात. मेर्कलिनच्या चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर साधारण १४ मिलीमीटर, दोन-रूळच्या युरोपियन चाकांचं १४.४च्या आसपास. काकांच्या व्हर्नियरला हा फरक लगेच दिसला. सरळ रुळावर तो जाणवत नाही, पण सांध्याच्या मधल्या खाचेत चाक चढतं. थोड्या संख्येने बनलेलं, चालतं इंजिन फोडून एवढा खटाटोप करायचा आणि शेवटी ते सांध्यावर उतरणार असेल, तर माझा सल्ला नकाराचाच होता.

मग प्लाय मोजला आणि वेगळंच उत्तर निघालं.

वळणाचा हिशोब

सहा बाय चार फूट म्हणजे १८२९ बाय १२१९ मिलीमीटर. सेटमधल्या सी-ट्रॅकचं वळण मेर्कलिनच्या भाषेत आर-१, त्रिज्या ३६० मिलीमीटर. रुळाच्या मध्यापासून मोजलं तर पूर्ण वर्तुळाचा व्यास ७२०. प्लायची रुंदी बघता बाहेर बरीच जागा मोकळी.

आता इंजिनं. खरं डब्ल्यूडीएम सुमारे १७.१ मीटर लांब, ८७ने भागलं तर १९७ मिलीमीटर. लांबी फार नाही, पण तीन आसांचा कडक सांगाडा ३६० त्रिज्येच्या वळणात चिडतो. मधल्या आसाला आडवी हालचाल दिलेली नसेल, तर बाहेरचं चाक रुळावर चढतं. त्यामागे आयसीएफचे डबे लावायचे तर खरा डबा २१.३ मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेल २४५ मिलीमीटर. नव्या धाटणीचा एलएचबी डबा म्हटला तर २७०. इतक्या घट्ट वळणात डब्याचं पोट आत येतं, टोकं बाहेर जातात, दोन डब्यांमधली फट एका बाजूला उघडी पडते. चाललं तरी बघवत नाही. मेर्कलिन स्वतः लांब युरोपियन डबे १ला ८७ न करता थोडे आखूड बनवते, १ला ९३.५, म्हणजे २६.४ मीटरचा डबा ३०३ ऐवजी २८२ मिलीमीटरमध्ये बसतो. जगभरच्या घरांतली टेबलं लहानच असतात, हे त्यांनी केव्हाच ओळखलंय.

हॉर्नबीच्या रुळांत तिसऱ्या त्रिज्येचं वळण ५०५ मिलीमीटरचं आहे. व्यास १०१०. प्लायच्या रुंदीत दोन्ही बाजूंना रुळाच्या मध्यापासून कडेपर्यंत शंभरेक मिलीमीटर उरतात. लांबीत १६८ मिलीमीटरचे चार सरळ रूळ घातले, तर टोकाला सुमारे ७३ उरतात. घट्ट आहे, पण बसतं. आणि आतल्या ३६०च्या फेऱ्यापासून या बाहेरच्या फेऱ्याचं अंतर १४५ मिलीमीटर, म्हणजे मध्ये एक फलाटही मावतो.

म्हणून शिफारस अशी झाली: पद्धत एकच ठेवायचा हट्ट सोडायचा. आतला फेरा सी-ट्रॅक, तीन-रूळ, डिजिटल. बाहेरचा फेरा दोन-रूळ, साधा १२ व्होल्ट डीसी, त्यावर डब्ल्यूडीएम आणि हॉर्नबी. दोन्हींमध्ये सांधा नाही, वायर नाही, काहीही नाही. लांबीची मापं जुळत नाहीत, कारण मेर्कलिनचा सरळ तुकडा १८८.३ आणि हॉर्नबीचा १६८, पण दोन फेरे एकमेकांना जोडायचेच नसल्यामुळे फरक पडत नाही. काकांना सुरुवातीला हे थोडं अर्धवट वाटलं. ‘दोन रेल्वे एका टेबलावर?’ मी म्हटलं, काका, एके काळी पुणे स्टेशनात ब्रॉडगेज आणि मीटरगेज दोन्ही होतीच की.

उंचीचं एक बारीक काम निघालं. सी-ट्रॅक खडीसकट १०.३ मिलीमीटर उंच, हॉर्नबीचा रूळ स्लीपरसकट त्याच्या जवळपास निम्मा. फलाट दोन्हीकडे सारखा दिसावा म्हणून बाहेरच्या फेऱ्याखाली कॉर्कची पट्टी टाकली. तपकीर गल्लीतून वायर, स्विच आणि डीसीचा स्पीड कंट्रोलर आणला. बाहेरच्या फेऱ्याच्या वळणासाठी ४५ अंशांचे आठ तुकडे लागले, ते जुने, दुसऱ्या एका छांदिष्टाकडून.

गेज साडेसोळाच का, यावर काका अडून होते, कारण डब्ल्यूडीएमखालचा रूळ त्यांना किंचित अरुंद वाटत होता. वाटणं बरोबर होतं. जागतिक प्रमाणित गेज १४३५ मिलीमीटर, त्याला ८७ने भागलं की १६.५ येतं. आपलं ब्रॉडगेज १६७६, त्याला भागलं तर १९.३. म्हणजे एचओ रुळावरचं प्रत्येक भारतीय ब्रॉडगेज इंजिन जवळजवळ तीन मिलीमीटरने अरुंद रुळावर उभं असतं. हॉर्नबीचं वेगळं: ते ओओ, १ला ७६, पण रूळ तोच साडेसोळाचा. त्यामुळे ते डब्ल्यूडीएमशेजारी ठेवलं की छोटं शंटिंग इंजिन असूनही विनाकारण धिप्पाड दिसतं. सगळं एकाच मापाचं पाहिजे असा ज्यांचा आग्रह असतो, त्यांनी ही दोन शेजारी ठेवू नयेत. नातीला त्याचं काही वाटलं नाही.

दिवाळीचं इंजिन

आता मुलाने काय आणायचं. आतल्या फेऱ्यासाठी, म्हणजे तीन-रूळ, ३६० त्रिज्या चालणारं, मोबाइल स्टेशन ओळखेल असं.

डिकोडरबद्दल फार डोकं खाजवावं लागलं नाही. काकांचं मोबाइल स्टेशन मोटोरोला, एमएफएक्स आणि डीसीसी या तिन्ही भाषा पाठवतं. एमएफएक्सचं इंजिन रुळावर ठेवलं की स्वतःच नाव सांगतं. मोटोरोलाच्या जुन्या इंजिनाला त्याचा पत्ता हाताने द्यावा लागतो, तोही काही वेळा आतल्या छोट्या डिप स्विचवरून. डीसीसी म्हणजे दोन-रूळ जगाचं मानक, पण एसी आवृत्तीतल्या बऱ्याच इंजिनांत तो चालतोच. एवढं पुरे.

काकांच्या मनात एखादं आधुनिक, लांबलचक, लाल इलेक्ट्रिक इंजिन होतं. मी त्यांना विचारलं, की तुमच्या लहानपणी लोणावळ्याला घाटात मालगाड्या कोण ओढायचं?

‘खेकडा,’ काका लगेच म्हणाले.

घाटाचं विद्युतीकरण होताना, १९३०च्या आगेमागे, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने भोर घाटासाठी ईएफ/१ वर्गाची इंजिनं आणली, पुढे ती डब्ल्यूसीजी-१ झाली. मधे केबिन, पुढे-मागे लांब नाकं. आराखडा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या कारखान्याचा. त्यांच्याच घराण्यातलं मोठं भावंड म्हणजे गॉटहार्ड मार्गावरचं सीई ६/८, १९१९पासूनचं, ज्याला तिकडे मगर म्हणतात. फरक आहेत. स्विस मगरीला टोकांना छोटी वाहक चाकं आहेत, आपल्या खेकड्याला नव्हती, त्याची सगळी बारा चाकं ओढणारी. तरी बाजूने बघितलं तर नातं लपत नाही. खेकड्यांपैकी एक, ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

आणि मगर हे मेर्कलिनचं वर्षानुवर्षांचं लाडकं मॉडेल. ते माझ्या शिफारशीत आलं ते आठवणींसाठी नव्हे, भूमितीसाठी. सीई ६/८ सुमारे १९.४ मीटर लांब, मॉडेल साधारण २२ सेंटीमीटर, म्हणजे डब्ल्यूडीएमपेक्षा लांबच. पण ते तीन भागांत सांध्यांवर वळतं: दोन नाकं आपापल्या चाकांसकट वेगळी फिरतात आणि केबिन मध्ये तरंगते. म्हणून ३६० त्रिज्येवर ते आरामात जातं, जिथे त्याच लांबीचं सलग सांगाड्याचं इंजिन कुरकुरलं असतं. खऱ्या मगरीची रचनाही घाटातल्या वळणांसाठीच अशी केलेली.

किंमत जबर. नवं घ्यायची गरज नाही, जुनं चालेल, असं मुलाला कळवलं, आणि काय तपासायचं तेही. खोक्यावर नागमोडी चिन्ह हवं. ट्रिक्सच्या नावाची मगर घेऊ नकोस, कारण ट्रिक्स ही मेर्कलिनचीच भगिनी कंपनी असून तिची इंजिनं दोन-रूळची असतात, आणि दिसायला ती इतकी सारखी की दुकानदारही गोंधळतो. खालचा स्लायडर झिजून मध्ये खड्डा पडलाय का बघ, पण त्यासाठी सौदा सोडू नकोस, कारण तो बदलता येतो. डिकोडर आहे का हे विचारू नकोस, डिजिटल रुळावर चालवून दाखवायला सांग. चाकांवरची रबरी रिंग कडक झाली असेल तर तीही सोबत नवी घे.

कुरिअरने मागवायचा विचार सुरुवातीलाच सोडला. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३मध्ये ७० वर. त्यात खेळण्यांच्या गुणवत्ता-चिन्हाचा नियम २०२१च्या जानेवारीपासून लागू. हे मोठ्यांचं मॉडेल आहे, लहान मुलांचं खेळणं नव्हे, हे कस्टमच्या काउंटरला पटवत बसण्यापेक्षा मुलाने स्वतः आणून जे काय भरायचं ते नियमाने भरणं सोपं.

पुढे काय झालं

मगर आली. एमएफएक्सची निघाली, रुळावर ठेवताच कंट्रोलरच्या पडद्यावर स्वतःचं नाव दाखवून मोकळी. आतल्या फेऱ्यात सुरळीत फिरते, सेटमधलेच छोटे मालडबे ओढते. लांब प्रवासी डबे आतल्या फेऱ्यासाठी घ्यायचे नाहीत, हे काकांनी मान्य केलंय. बाहेर डब्ल्यूडीएम ५०५च्या वळणातून कुरकुर न करता जातं.

अपघात झाला तो इंजिनाचा नव्हे, डब्याचा. नातीने मेर्कलिनचा एक मालडबा हौसेने डब्ल्यूडीएमच्या मागे लावला. हुक जुळला नाही म्हणून तिने तो नुसता मागे ठेवला. डीसीचा कंट्रोलर लगेच ट्रिप झाला, बाहेरचा सगळा फेरा बंद. डब्यांची चाकंही बीप देणारी असतात, याकडे घरात कोणाचं लक्षच नव्हतं. उलट बाजूला धोका नाही: दोन-रूळचे इन्सुलेटेड चाकांचे डबे आत मेर्कलिनवर चालतात. काकूंनी मग आपल्या पाकिटातल्या लाल टिकल्या दिल्या. काकांनी प्रत्येक डब्याची चाकं मीटरने तपासली आणि ज्याने टीं केलं त्याच्या पोटाला टिकली लावली. टिकली असेल तो आतच राहणार. नात आता डबा उचलला की आधी उलटा करून बघते.

निळ्या ट्रान्सफॉर्मरचा प्लग काकांनी स्वतः कापला, म्हणजे कोणी हौसेने भिंतीत लावायला नको. जुनं वाफेचं इंजिन कपाटात आहे. त्यात डिकोडर बसवता येतो, पण नीट वेगनियंत्रण हवं तर मोटरचं फील्ड कॉइल काढून तिथे कायम चुंबक घालावा लागतो. काका म्हणतात ते काम ते स्वतः करतील, आणि मला त्यात शंका नाही. फक्त त्याआधी आतल्या फेऱ्याला दोन सांधे घ्यायचे आहेत, कारण नातीचा तो फुगा अजून व्हायचाय.